भाऊजींचं मॅग्नेशियम

लोक हौसेने कुंड्या लावतात, पोपट पाळतात, फार तर भिंतीवर हरणाचं चित्र टांगतात. माझ्या भाऊजींनी घरातला सोफा विकला आणि त्या जागी समुद्र आणून ठेवला.

समुद्र म्हणजे पलंगाएवढी लांब काचेची टाकी. आत खारं पाणी, दगड, दोनचार मासे आणि प्रवाळ. मासे नुसते तोंडी लावायला, खरा थाट प्रवाळांचा. प्रवाळ दगडासारखा दिसतो पण तो जिवंत प्राणी असतो, हे भाऊजींनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की आता रस्त्यातल्या दगडाला ठेच लागली तरी माफी मागावीशी वाटते. आमच्या जिन्यातले लोक भाऊजींना 'दर्यासारंग' म्हणतात. पाठीमागे म्हणतात. तोंडावर म्हटलं असतं तर भाऊजींना ती पदवीच वाटली असती.

या दर्यापायी माझ्या ताईचं शिवणाचं मशीन बोळकांडीत गेलं. येणाऱ्याने बसायचं स्टुलावर आणि बोलायचं पंपाच्या घरघरीच्या वर आवाज चढवून. न्हाणीघरात मीठ कालवलेल्या पाण्याचं पिंप. आंघोळ करायची ती त्याला धक्का न लावता, अंग चोरून. पडदे कायम ओढलेले, कारण उन्हाने काचेवर शेवाळ धरतं. पाणी तापू नये म्हणून टाकीवर पंखा, आणि स्वयंपाकघरात ताई पदराने वारा घेतेय. मी वरच्याच मजल्यावर राहते, म्हणून हे सगळं मला रोज दिसतं. बसडेपोच्या तिकीट-खिडकीत दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि संध्याकाळी खाली येऊन भाऊजींचं, असा माझा दिनक्रम आहे.

भाऊजी रंगाच्या दुकानात कामाला. त्यांचं काम रंग जुळवण्याचं. गिऱ्हाईक भिंतीचा खपला नाहीतर जुन्या दाराची ढलपी घेऊन येतं, भाऊजी ती उजेडात धरतात, डोळे बारीक करतात, मग पांढऱ्या रंगात याचा थेंब, त्याचा थेंब टाकून काडीने ढवळतात, आणि डबा हातात देतात. मालकांनी एकदा रंग जुळवायचं मशीन घेण्याची गोष्ट काढली, तेव्हा भाऊजी नुसते हसले होते. "माझा डोळा चुकत नाही," हे त्यांचं पेटंट वाक्य. खोटं कशाला बोलू, डोळा चांगलाच होता. लोक लांबून यायचे. पण एखादी गोष्ट चांगली जमते म्हणून माणूस सगळ्याच बाबतीत शहाणा ठरतो का? भाऊजींच्या मते ठरतो.

तर मॅग्नेशियम.

प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम लागतं. ते पाण्यात घालावं लागतं. पण पाण्यात मॅग्नेशियम पुरेसं नसेल तर घातलेलं कॅल्शियम पाण्यात टिकत नाही. त्याचा खडूसारखा पांढरा थर होतो आणि थंडीत पाणी तापवायच्या दांडीवर, पंपावर जाऊन बसतो. प्रवाळ उपाशी. हे शास्त्र मला भाऊजींनीच शिकवलं. मलाच काय, दूधवाल्याला शिकवलं, गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला शिकवलं, ताईच्या पायावर पट्टी बांधायला आलेल्या नर्सलाही शिकवलं. "दांडीवर पांढरं दिसलं की समजायचं, मॅग्नेशियम घसरलंय," हे वाक्य ते बोट वर करून म्हणायचे.

दर रविवारी सकाळी मॅग्नेशियमची तपासणी. टेबलावर पांढरा कागद, त्यावर काचेची छोटी बाटली. तिच्यात टाकीतलं पाणी घ्यायचं आणि पुडीतली पूड टाकायची, की पाणी गुलाबी होतं. मग बारीक सिरिंजने एक औषध थेंबथेंब सोडायचं. गुलाबीचं निळं झालं की थांबायचं. किती औषध लागलं त्यावरून तक्त्यात आकडा बघायचा. जास्त लागलं तर मॅग्नेशियम जास्त, कमी लागलं तर कमी. बस्स. यात शास्त्र थोडं आणि डोळा फार, असं भाऊजीच म्हणायचे, आणि म्हणूनच घरातल्या दुसऱ्या कुणी या कामाला हात लावायचा नाही. ताईचं काम बाटली विसळून पुसून ठेवणे. बाटली पुसण्यात चूक झाली की आकडा चुकतो, हेही तिला दर रविवारी ऐकावं लागायचं.

"चौदाशे!" भाऊजी जाहीर करायचे. "आहे कुणाच्या टाकीत चौदाशे?"

कुणाच्या टाकीत नव्हतं, हे कबूल. कारण भाऊजींच्याही नव्हतं.

आधी दांडीवर पांढरं दिसायला लागलं. मग पंप घरघरायच्या ऐवजी खोकायला लागला. उघडला तर आत खडू. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हीच म्हणता ना, पांढरं दिसलं की मॅग्नेशियम घसरलं?" तर म्हणाले, "आकडा चौदाशे आहे. आकड्यापुढे बोलायचं नाही." मग दोष कुणाचा? मिठाचा. मिठाची कंपनी बदलली. मग नळाच्या पाण्याचा. मग पंपाचा. मग ताई फरशी पुसताना टाकते त्या फिनाइलचा, की त्याचा वास पाण्यात उतरतो. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण ताईने झाडलेलं. ताईने फिनाइल बंद केलं आणि गुडघ्यावर बसून साध्या पाण्याने फरशी पुसायला लागली. मला संताप आला. तिला येत नव्हता, किंवा येत असेल तर ती तो दाखवत नव्हती.

जिथून ते मासे आणतात त्या दुकानदाराने एकदा आपणहून, मासा बदलायला नेलेल्या पिशवीतलं टाकीचं पाणी तपासून दिलं. म्हणाला, "काका, मॅग्नेशियम पार तळाला गेलंय तुमचं. हजाराला टेकलंय. घाला थोडं रोज."

भाऊजी घरी आले ते लालबुंद होऊन. "बाटल्या खपवायच्या असतात यांना! मला सांगतोय! माझ्या डोळ्याला!"

माझ्या खिडकीवर रोज अशी माणसं येतात. बस चुकली की म्हणतात, तुमचं घड्याळ पुढे आहे. त्यांना मी पुढच्या बसचं तिकीट देते आणि खिडकी लावून घेते. भाऊजींना काय देणार?

त्याच सुमाराला दुकानात तक्रार आली. एका बाईंनी मुलीच्या खोलीच्या निळ्या भिंतीचा खपला आणला होता. भाऊजींनी जुळवून दिलेला रंग लावला तर भिंतीच्या मधोमध जांभळा चट्टा. बाई डबा घेऊन दुकानात आल्या आणि इतर गिऱ्हाइकांसमोर उघडून दाखवला. भाऊजी म्हणाले, खोलीतला बल्ब खराब असेल. बाई म्हणाल्या, मी उन्हात बघतेय. मालक भला माणूस, पण दुकान त्यालाही चालवायचं आहे. तो भाऊजींना बाजूला घेऊन म्हणाला, "पुन्हा असं झालं तर मला मशीन आणावं लागेल. मग तुम्ही पुढे ब्रश आणि पुट्टी विकायला बसा." हे मला ताईने सांगितलं, आणि सांगताना ती बोळकांडीतल्या मशीनवर नुसतीच हात फिरवत होती, शिवत नव्हती. सगळी हयात ज्या डोळ्यावर काढली त्या डोळ्याने ब्रश विकायचे! भाऊजी ते सहन करू शकले नसते. दुसऱ्या कामाला ते लायकही नव्हते, हे मी माझ्या पदरचं सांगते.

पण माणसाने काही बोध घ्यावा? पालथ्या घड्यावर पाणी. भाऊजी फक्त जास्त वेळ टाकीसमोर बसू लागले. बाहेर कुणी त्यांना चुकीचं म्हणालं की घरी येऊन चौदाशे.

मग तो मोठा प्रवाळ आजारला. टाकीच्या मध्यभागी फांद्यांचा एक प्रवाळ होता, झुडपासारखा. बोटभर तुकडा आणून भाऊजींनी तो वाढवला होता, आणि हे मात्र मान्य करायला हवं, की त्याच्यावर त्यांनी जीव लावला होता. ताप आलेल्या ताईला त्यांनी कधी रात्री उठून पाणी दिलं नसेल, पण वीज गेली की या प्रवाळासाठी धावत खाली जाऊन जनरेटर लावायचे. तो बुडापासून पांढरा पडायला लागला. रोज थोडा थोडा, वर वर, शेवटी टोकापर्यंत, आणि मेला. भाऊजी जेवेनात. ताई ताट झाकून ठेवायची आणि परत काढून घ्यायची.

त्या रविवारी मी खाली गेले तेव्हा तपासणी चाललेली. भाऊजी सिरिंज दाबत होते, एक थेंब, थांबायचं, हलवायचं, आणखी एक थेंब. ताई स्वयंपाकघराच्या दारात फडकं घेऊन उभी. मी टेबलाजवळ गेले आणि बघते तर बाटलीतलं पाणी निळं. चांगलं शाईसारखं निळं. आणि भाऊजी औषध सोडतायत आपले.

"भाऊजी, थांबा. झालं की निळं."

"छे. अजून गुलाबी आहे."

"कुठे गुलाबी? निळं झालंय!"

"हे निळं?" ते हसले. रंगाच्या मशीनला हसले होते तेच हसू. "तू तिकिटं फाडतेस, तुझं बरोबर आहे. ही गुलाबीची छटा आहे. निळं म्हणजे काय ते मी तुला दाखवतो." आणि आणखी थेंब, आणखी थेंब, आणि मग एकदाचे थांबून म्हणाले, "हं. आत्ता झालं. चौदाशे दहा."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे लहानपणापासून ऐकत आले होते. म्हणीतली माणसं अशी टेबलाशी बसलेली बघायला मिळतील असं वाटलं नव्हतं.

मी त्यांच्या कपाटातला रंगांच्या नमुन्यांचा डबा काढला. बोटाएवढ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या. पुढे रंग, मागे छटेच्या क्रमाने नंबर. भाऊजींना हे नंबर पाठ आहेत. निळ्यांच्या सगळ्या पट्ट्या काढल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या आणि रंग वर करून टेबलावर पसरल्या. पडदा उघडला. "अगं, शेवाळ!" ते ओरडले. मी म्हटलं, "धरू दे. आकाशीपासून जांभळ्यापर्यंत ओळीने लावा. तुमच्या डाव्या हातचा मळ."

"हा काय पोरखेळ," म्हणाले, पण लावल्या. झटझट, ऐटीत, बघितल्यासारखं न करता बघत. लावून झाल्यावर हात झटकले.

"आता उलट्या करा."

त्यांनी पहिली उलटी केली, दुसरी केली. तिसरीला हात थांबला. मग सगळ्या केल्या. नंबर पेरल्यासारखे कुठेही पडले होते. ऐन निळ्यांच्या मध्ये जांभळा बसला होता आणि जांभळ्यांच्या शेजारी घरच्यासारखा निळा. भाऊजींनी पट्ट्या गोळा केल्या, पुन्हा पिसल्या, पुन्हा लावल्या. या वेळी हळू, एकेक उजेडात धरून, कडेशी कड लावून. पुन्हा उलट्या केल्या. पुन्हा चुकल्या, आणि आता निराळ्याच जागी चुकल्या.

मी नुसतं त्या नंबरांवर बोट ठेवलं. बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं.

"या पट्ट्या जुन्या आहेत," भाऊजी म्हणाले. "रंग उडालाय."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा. पट्ट्यांचे रंग उडाले, बाईंच्या खोलीतला बल्ब खराब, दुकानदार चोर, फिनाइलचा वास, सगळं जग एकजात बिघडलेलं, आणि त्यात एक डोळा तेवढा शाबूत.

"ठीक आहे," मी म्हटलं. "उद्या माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे येताय, की मी हा डबा घेऊन तुमच्या मालकांकडे जाऊ? हा खेळ त्यांच्यासमोर खेळू."

"तू जाशील?"

"मी जाईन. तुम्ही मला ओळखता."

ताई म्हणाली, "अहो, चहा घेता का?" एवढंच म्हणाली. भाऊजी आले ते धाकाने आले, शहाणपणाने नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर आपण स्वतःहून दाखवायला गेलो असं ते जिन्यात सांगत होते.

डॉक्टर बाई तरुण होत्या, त्यामुळे भाऊजींनी आधीच तोंड वाकडं केलं. डोळ्यात थेंब घातले, मग बाहेर बसवलं, मग आत बोलावून दिव्याच्या यंत्राला हनुवटी टेकायला लावली. भाऊजींनी त्यांना सांगून टाकलं, की मी रंगातला माणूस आहे, तेव्हा जरा जपून. बाईंनी जपून बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगले जुने, पिवळे पडत आलेले.

"हळूहळू होतं हे," त्या म्हणाल्या. "पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं. निळा रंग आत पोचतच नाही नीट. माणसाला वाटतं रंग असेच आहेत. ऑपरेशन केलं की परत दिसेल, काळजी करू नका. कामही करता येईल."

भाऊजींनी श्वास सोडला. माझाही सुटला, का लपवू? कितीही झालं तरी ताईच्या घराचा तो खांब, वाकडा असला तरी. मालकाला सांगता येईल, ब्रश विकायला बसावं लागणार नाही. काम वाचलं, डोळा वाचला. इथे गप्प बसावं ना माणसाने?

"पण इतकी वर्षं घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"घरी कुणाला रंगातलं काही कळत नाही," भाऊजी म्हणाले.

ताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "माझ्या आलं होतं."

भाऊजींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. थेंबांमुळे त्यांना धड दिसत नव्हतं.

"पाणी आधीच निळं व्हायचं," ताई म्हणाली. "मी सुरुवातीला सांगायचे. मग सोडलं सांगणं."

"सोडलं?" भाऊजी म्हणाले. "तो मोठा प्रवाळ मेला माझा! तुला दिसत होतं तर सांगायचं नाही? ओरडून सांगायचं!"

"प्रवाळ मेला की तुम्ही पाण्याला शिव्या देता," ताई म्हणाली. "मी बोलले की मला देता. मला मेलेला प्रवाळ परवडला."

हे तिने आवाज न चढवता सांगितलं, वाण्याकडे सामान सांगावं तसं. डॉक्टर बाई कागदावर काहीतरी लिहू लागल्या. मी आयुष्यभर भाऊजींसाठी जपून ठेवलेली वाक्यं माझ्याजवळ तयार होती, त्यातलं एकही याच्या पासंगाला पुरलं नसतं. आणि मला पहिल्यांदाच ताईची भीती वाटली. फिनाइल बंद करून गुडघ्यावर बसून फरशी पुसणारी माझी ताई दर रविवारी दारात उभी राहून तो प्रवाळ मरताना बघत होती, आणि बाटली विसळून ठेवत होती. मी तिला गरीब गाय समजत होते. भाऊजींना आंधळं म्हणायचा मला तरी काय अधिकार?

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. भाऊजींना डोळे उघडवेनात. ताईने त्यांचा दंड धरला, मी दुसरीकडून धरला, आणि आम्ही एकेक पायरी उतरवत त्यांना खाली आणलं. रिक्षा येईपर्यंत कट्ट्यावर बसवलं. डोळे मिटूनच ते म्हणाले, "अगं."

"काय?" ताईने विचारलं.

"तो मोठा प्रवाळ. मरायच्या आधी." त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "कुठल्या रंगाचा होता तो?"

या माणसाने जन्मात कुणाला रंग विचारला नव्हता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या प्रवाळासमोर उभं करून ते सांगायचे, की हा बदामी रंग बघा, हा फक्त जाणकाराला कळतो, आणि लोक ताईकडे बघायचे आणि माना डोलवायचे. मीही डोलवलेली आहे.

"जांभळा," ताई म्हणाली. "गर्द जांभळा. फार सुंदर होता हो."

रिक्षा आली तेव्हा भाऊजी उठले आणि चुकीच्या बाजूला चालायला लागले, म्हणून ताईने त्यांना वळवलं.